आमच्या आळीचा फळा परत लावा : मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळे कार्यकर्ते यांना,

स.न.वि.वि.

मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. कसबा पेठेत ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांनी आपापल्या आळीतलं मंडळ समजून वाचलं तरी चालेल. तुमच्यातल्या निम्म्या पोरांना मी दुपट्यात पाहिलंय, एरवी अरे-तुरेच करते, पण पत्र चारचौघांत आहे म्हणून आज अहो-जाहो.

विषय एकच. पाराशेजारच्या भिंतीवरचा फळा काढून तिथे तुम्ही स्क्रीन लावलात आणि "यापुढे आळीच्या सगळ्या बातम्या ग्रूपवर मिळतील" असं ग्रूपवरच जाहीर केलंत. म्हणजे जे ग्रूपवर नाहीत त्यांना फळा गेल्याचं रिकामी भिंत बघून कळलं. साठ वर्षं त्या फळ्यावर आळीतली प्रत्येक बातमी आली, फक्त त्याची स्वतःची तेवढी आली नाही.

आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही म्हणणारच आहात. हो, गेली काही वर्षं फळा मी लिहीत होते, आणि माझ्याआधी आमचे नाना, म्हणजे माझे वडील. त्यामुळे काकूंना राग आलाय तो त्यांचा खडू गेला म्हणून, असं दोघातिघांनी म्हटल्याचं माझ्या कानावर आलंय. म्हणा की. राग आहेच. पण तेवढंच असतं तर मी घरात बसून चिडचिड केली असती, पत्र लिहिलं नसतं.

फळा आला कुठून ते तुमच्या पिढीला माहीत नाही म्हणून सांगते. १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं तेव्हा नाना सोळा वर्षांचे होते. सकाळी पानशेत गेलं, मग खडकवासला, आणि नदी पेठांमधे शिरली. आमच्याकडे बातमी आली ती तोंडातोंडी, आणि प्रत्येक तोंडात वेगळी, कोणी म्हणे पाणी उतरतंय, कोणी म्हणे अजून चढणार, कोणी म्हणे पर्वतीवर पळा. पुढे कित्येक दिवस दिवे नाहीत, नळाला पाणी नाही. तेव्हा नानांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी एक फळी उभी केली आणि तिच्यावर खडूने लिहायला घेतलं, कोण कुठल्या शाळेत आहे, धान्य कुठे मिळतंय, कोणाचं माणूस सापडत नाहीये. ती फळी कुंभारवाड्याच्या बाजूला पुरात वाहून आलेली होती असं नाना सांगायचे. आई म्हणायची थापा मारतात, ती आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाची फळी होती आणि दुकानदार वर्षभर परत मागत होता. काय खरं ते दोघंही बरोबर घेऊन गेले.

मग पूर ओसरला, फळी राहिली, फळीचा फळा झाला. वर तिथी-वार. खाली गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल बंद. पालख्यांचा मुक्काम, माउली भवानी पेठेत, तुकोबा नाना पेठेत, कुठले रस्ते कधी बंद. एप्रिल-मे आला की वसंत व्याख्यानमालेत आज कोण बोलणार. ती व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, हेही नाना दरवर्षी पहिल्या दिवशी न चुकता लिहायचे, जणू मागच्या वर्षी वाचलेलं लोक विसरले असतील. किल्ली सापडली, मांजर हरवली, अमक्याच्या मुलीला दहावीत इतके मार्क. आणि कोणी गेलं तर बाकी सगळं पुसून फक्त तेवढंच.

आता तक्रारी. एकदोन बारीक आहेत, बाकीच्या बारीक नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे विचारलं नाहीत. सभा झाली म्हणता, तर सभेची नोटीस कुठे लागली? ग्रूपवर. ग्रूपवर लिहू कोण शकतं? चार अ‍ॅडमिन. आमच्या वाड्यात नऊ बिऱ्हाडं, त्यातली चार ग्रूपवर आहेत, त्यातल्या एकाने म्यूट केलंय. वर्गणीची पावती फाडायला मात्र तुम्ही नऊही दारांत येता, जिने चढून येता, त्याबद्दल कौतुकच आहे. तेवढेच जिने सभेच्या निरोपासाठी चढला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. मागच्या महिन्यात गुरुवारी पाणी येणार नव्हतं, ते ग्रूपवर बुधवारी दुपारी टाकलं होतं हे मला मान्य आहे, मी स्वतः नंतर शोधून काढलं. पण त्याच्यावर संध्याकाळपर्यंत सव्वाशे मेसेज पडले होते, फुलं, सुप्रभात (बुधवारी संध्याकाळी सुप्रभात!), कोणाचा तरी रील, आणि एका क्लासचं पोस्टर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गुरुवारी सकाळी नळ सोडून बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या बाईने रिकाम्या नळाखाली बादली ठेवून वाट बघायची आणि आपण म्हणायचं की मेसेज केला होता. जवळच्याच चौकाचं नाव साततोटी, नावातच तोट्या असलेली आपली पेठ, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून इथल्या हौदांत पाणी खेळवलं म्हणून आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि उद्या पाणी नाही एवढं आजींपर्यंत पोचत नाही.

त्यात ते फॉरवर्ड. पालखीच्या आधी ग्रूपवर बंद रस्त्यांची यादी फिरली, ती मागच्या वर्षीची होती. तारीख कापलेली. दोघं जण त्या यादीवर भरवसा ठेवून रिक्षा करून निघाले आणि अडकले, एकाची स्टेशनवरून गाडी चुकली. कोणी टाकली विचारलं तर "फॉरवर्डेड होती". फळ्यावर असं होत नव्हतं असं नाही, नानांनीही एकदा वीज जाण्याची वेळ चुकीची लिहिली होती, पण मग अख्खी आळी त्यांना ओट्यावर येऊन बोलली, कारण अक्षर कोणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. आणि दुसरं, फळा रोज पुसला जातो. कालची बातमी काल मरते. फोनमधली बातमी मरतच नाही, दरवर्षी नव्याने उठून बसते आणि लोकांना चुकीच्या रस्त्याने पाठवते.

तिसरी गोष्ट लिहायला जड जातंय.

मागच्या आळीतले एक काका गेले, मंगळवारी पहाटे. ग्रूपवर पावणेसातला मेसेज आला, साडेनऊला वैकुंठला नेणार. त्याच्याखाली भावपूर्ण श्रद्धांजलींची रांग, मधेच एका पदाधिकाऱ्याच्या वाढदिवसाचा केक. काकांचे एक मित्र आहेत, तांबट आळीत आयुष्यभर मठारकाम, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी हातोडीने ठोकायचं काम, केलेले, हातोड्याने कान गेलेत म्हणून फोनवर बोलत नाहीत, साधा फोन आहे तो मुलगा उचलतो. रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन यायचे, फळ्यासमोर उभं राहून अख्खा वाचायचे, जायचे. त्या मंगळवारीही आले होते. मी खिडकीतून पाहिलं. स्क्रीनवर कसली तरी जाहिरात चालू होती, ते थोडा वेळ थांबले आणि गेले. मला वाटलं त्यांना कळलं असेल, मी वरून हाक मारली नाही, हे माझंही चुकलंच. शुक्रवारी संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे काकांच्या दारात गेले, हातात पत्त्यांचा जोड. सुनेने दार उघडलं.

चाळीस वर्षांची मैत्री होती. पुढचं लिहीत नाही.

आता स्क्रीन. ती वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, गणपतीत आरतीचे शब्द दाखवलेत तर मलाच सोयीचं होईल. पण मी परवा घड्याळ लावून उभी राहिले. रक्तदान शिबिराची वेळ वाचायची होती. आधी तीन वाढदिवस, मग एका इच्छुकांच्या शुभेच्छा, मग फर्निचर, मग पुन्हा तेच इच्छुक दुसऱ्या जाकिटात, मग "ऐतिहासिक कसबा पेठेत आपले स्वागत आहे" आणि मागे शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा. शिबिराची पाटी आली आणि मी चष्मा वर करेपर्यंत गेली. पुन्हा यायला किती वेळ लागला? अकरा मिनिटं. आमच्या शेजारची कामवाली बाई हातात पिशव्या घेऊन, डोक्यात पुढचं घर, ती अकरा मिनिटं कशाला थांबेल? फळ्यावर ती चालता चालता नजर टाकायची.

रात्री तर तो उजेड समोरच्या पहिल्या मजल्यावर सरळ आत येतो. निळा-लाल-निळा-लाल. तिथलं बाळ झोपत नाही, आणि पिंपळावरची कबुतरंही हल्ली अपरात्री उठून घुमत बसतात, त्यांना वाटत असावं उजाडलं.

ऐतिहासिक म्हणालात म्हणून एक बोलतेच. पेठ ऐतिहासिक आहे हे आपल्याला स्वागताच्या फ्लेक्सपेक्षा कायद्याने जास्त समजतं. २०१० साली केंद्राने कायदा बदलला, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय नाही. शनिवारवाड्याच्या त्या १०० मीटरमधे किती वाडे येतात, किती टेकूवर उभे आहेत, तुम्हाला मी काय सांगू, तुमच्यातल्या तिघांची घरं त्यातच आहेत. दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते. त्यामुळे या विषयावर कधी बैठक लागली, हरकती-सूचना मागवल्या, मोजणीला माणसं येणार असली, तर ती बातमी म्हणजे आपल्याकडे डोक्यावरच्या छपराचा प्रश्न असतो. परवाच्या रहिवाशांच्या बैठकीला मालक हजर होते, ते ग्रूपवर आहेत. भाडेकरू एकही नव्हता. कोणी मुद्दाम टाळलं असं मी म्हणत नाही. पण वाड्यात राहतात भाडेकरू, भिंत पडली तर पडणार त्यांच्यावर, आणि त्यांनाच बैठकीचा पत्ता नाही.

आणखी एक गंमत बघा. रविवारी सकाळी हेरिटेज वॉकवाले येतात, हल्ली तर बरेच. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली आणि कसबा पेठ स्टेशन झालं तेव्हापासून कोण कुठून येऊन आळीत फोटो काढत असतं. त्यातला एक मुलगा फळ्यापाशी थांबून सगळ्यांना समजावून सांगायचा, की ह्या शहरात १८४८ साली नगर वाचन मंदिर निघालं, १८४९ ला ज्ञानप्रकाश वर्तमानपत्र, १८७० ला सार्वजनिक सभा, १८८१ ला केसरी, आणि हा त्यांचा आळीतला धाकटा भाऊ. मला तर लाजल्यासारखं व्हायचं, कारण त्याच वेळी फळ्यावर लिहिलेलं असायचं "निळी छत्री सापडली आहे, ओळख पटवून न्यावी". आता तो मुलगा रिकाम्या भिंतीपाशी थांबत नाही. स्क्रीनचा फोटोही कोणी काढत नाही, तुमच्या लक्षात आलंय का?

तुमचं म्हणणं मी ऐकलंय. फळा कुजला होता, खालून वाळवी लागली होती. खरं आहे, मीच गेल्या पावसाळ्यात तक्रार केली होती. खडूची धूळ होते, पाऊस आला की मजकूर वाहून जातो, तेही खरं. स्क्रीनचे पैसे जाहिरातीतून सुटतात, वर मंडळाला चार पैसे राहतात, ते रुग्णवाहिकेला उपयोगी पडतात. हे तर अगदीच खरं, आणि २०२० च्या लॉकडाऊनमधे तुम्ही जे डबे पोचवलेत ते ही आळी विसरणार नाही, माझ्या घरीही चौदा दिवस तुमचाच डबा होता. पण तेव्हा कोणाच्या घरी डबा लागतो हे तुम्हाला कसं कळलं, आठवतंय? मी फळ्यावर लिहिलं होतं की ज्यांना डबा हवा त्यांनी दाराला पांढरं फडकं बांधावं. दुसऱ्या दिवशी एकवीस दारांवर फडकी होती. त्यातली निम्मी माणसं कुठल्याच ग्रूपवर नव्हती.

तर मागण्या अशा आहेत.

फळा परत लावा, त्याच भिंतीवर. स्क्रीन हलवायची नसेल तर तिच्या बाजूला जागा आहे, मी टेपने मोजलंय, पाच फूट बाय तीन आरामात बसतो. वॉटरप्रूफ प्लाय, वर छोटं पत्र्याचं छप्पर. खर्चाचं मी बघते, पाचसहा घरांनी आधीच हो म्हटलंय, वर्गणीला हात लावू नका.

लिहिणारी मीच हवी असा हट्ट नाही. खरं तर नकोच, माझा खांदा दुखतो. आठवड्याचे वार वाटून घ्या, शाळेतल्या मुलांना घ्या, अक्षर सुधारेल. फक्त खाली लिहिणाऱ्याचं नाव असावं.

स्क्रीन रात्री दहाला बंद. तुम्हाला स्पीकरचा दहाचा नियम पाठ आहे, तोच उजेडाला लावा. आणि सकाळी सात ते नऊ जाहिराती नकोत, पाणी, वीज, रस्ते, दवाखाना आणि निधन एवढंच, आणि तेही स्थिर, पळणारं नाही.

ग्रूपवर अ‍ॅडमिन वाढवा, त्यात एक तरी भाडेकरू आणि दोन बायका. सरकारी सूचना टाकताना तारीख आणि कुठून आली ते लिहायचं, नाहीतर टाकायची नाही. मंडळाच्या सभेची नोटीस आठ दिवस आधी फळ्यावर, आणि काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी चार ओळींत.

आणि गणपतीच्या आधी एवढं कराच, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल. आपण मानाच्या पहिल्या गणपतीच्या पेठेत राहतो, त्या दहा दिवसांत इथे पुण्यातलाच नाही तर बाहेरचा माणूस लोटतो. २०२५ साली सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव केलं, गर्दी काही कमी होणार नाही. तर कुठला रस्ता किती वाजल्यापासून बंद, रुग्णवाहिका कुठून आत येणार, ज्या दिवशी बारापर्यंत स्पीकरला सूट आहे ते दिवस कुठले, रात्री आजारी माणसाला न्यायचं तर कोणाच्या दारावर थाप मारायची, हे एका जागी लिहून लावा. मांडव घातल्यावर अँब्युलन्स वळते की नाही हे एकदा खरोखर गाडी आणून बघा. मागच्या वर्षी वळली नव्हती, आठवत असेल, खुर्चीवर बसवून न्यावं लागलं होतं.

उत्तर द्यायचं असेल तर कृपया ग्रूपवर देऊ नका. घरी या, चहा घ्या, मी ओरडणार नाही. किंवा सभा बोलवा आणि सगळ्यांसमोर सांगा, नाही म्हणायचं असेल तर तेही तोंडावर म्हणा.

तोपर्यंत मी आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजाला पुठ्ठा टांगलाय. स्केचपेनने लिहिते, चार माणसं थांबून वाचतात, तांबट आळीतले ते काका पण कालपासून यायला लागलेत. आजचा मजकूर असा आहे :

गुरुवारी पाणी नाही. शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने. आजच भरून ठेवा.

मागच्या आळीतल्या काकांचा दहावा गुरुवारी सकाळी, ओंकारेश्वर.

रक्तदान शिबिर रविवारी नऊ ते दोन, मंडळाच्या हॉलमधे. (जरूर या. चांगलं काम आहे.)

लहान मुलीची एक चप्पल सापडली आहे, उजव्या पायाची, लाल.

मंडळाची पुढची सभा : तारीख कळलेली नाही.

आपली,
नानांची थोरली
कसबा पेठ, पुणे